वाचकांचे प्रश्न : इंग्रजी कानावर पडते, मग अडते कुठे?

या महिन्यात आलेली बरीच पत्रे इंग्रजी ऐकून आणि वाचून समजण्याबद्दलची आहेत. त्यातली निवडक खाली दिली आहेत. एका पत्राचा संबंध थेट तैवानशी आहे. त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे, कारण त्यातले पुष्कळसे आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांनाही लागू पडते.

प्रश्न : मी टिळकवाडीतून ऑनलाइन इंग्रजी शिकवते. तैवानमधल्या हायस्कूलच्या चार मुलांचा गट माझ्याकडे आहे. व्याकरणाचे प्रश्न ही मुले झटपट सोडवतात, पण मिनिटभराचा संवाद ऐकवला की निम्मी उत्तरे चुकतात. मला चिनी येत नाही. त्यांना काय समजले आणि काय नाही, हे ओळखायचे कसे?
— एक शिक्षिका, बेळगाव

उत्तर : आधी हे ठरवा की अडचण कानाची आहे की भाषेची. साधारण १३० ते १४० शब्दांचा, एका मिनिटाचा संवाद घ्या. तो दोनदा ऐकवा. मजकूर दाखवू नका. काय समजले ते विचारून घ्या आणि मग तोच मजकूर वाचायला द्या. वाचताच समजला, तर शब्द आणि वाक्यरचना मुलांना येतात, फक्त बोलण्यात ओळखू येत नाहीत. वाचूनही समजला नाही, तर तो उतारा दहा वेळा ऐकवूनही हाती काही लागणार नाही; सोपा उतारा घ्या. ही तपासणी न करता ‘अजून ऐका, रोज ऐका’ असे सांगत राहण्यात मुलांचे महिनेच्या महिने वाया जातात.

कानाची अडचण आहे असे दिसले, तर पहिला आठवडा श्रुतलेखनाला द्या. ८ ते १२ शब्दांची सहा वाक्ये पुरेत. प्रत्येक वाक्य तीनदा वाचा : पहिल्यांदा सलग, मुलांनी पेन खाली ठेवून ऐकायचे, दुसऱ्यांदा अर्थ तुटेल तिथे थांबत, तिसऱ्यांदा पुन्हा सलग. प्रत्येक शब्द सुटा करून वाचू नका. तसे वाचले की मुलांचे बरोबर येते आणि खरी अडचण झाकून जाते. मग चुका चार रकान्यांत मांडा. शब्द माहीतच नव्हता. माहीत होता पण ऐकताना ओळखला नाही. शब्दाचा शेवट गळला. किंवा न ऐकलेले अंदाजाने लिहिले. कोणता रकाना भरतो त्यावर पुढच्या महिन्याचे काम ठरेल.

तुमच्या गटात तिसरा रकाना भरण्याची शक्यता जास्त आहे. प्रमाण चिनी भाषेत, म्हणजे मँडरिनमध्ये, अक्षर स्वरावर तरी संपते किंवा ‘न्’ आणि ‘ङ्’ या दोन अनुनासिकांवर; बीजिंगकडच्या बोलीत ‘र्’ची भर पडते, तैवानमध्ये ती फारशी नाही. त्यामुळे ‘कोल्ड’, ‘नेक्स्ट’, ‘आस्क्ट’ यांच्या शेवटची जोडव्यंजने पकडायची सवयच त्या कानांना नसते. शिवाय चिनी क्रियापद काळानुसार बदलत नाही आणि अनेकवचनासाठी नामही सहसा बदलत नाही. काल, आज, उद्या हे शब्द आणि काही अव्यये ते काम करतात. म्हणून ‘वर्क्स’ आणि ‘वर्क्ट’ यांच्या शेवटी अर्थ दडलेला असतो, हे व्याकरणाच्या कागदावर पाठ असूनही ऐकताना लक्षात येत नाही. तैवानच्या मुलांमध्ये आणखी एक गोष्ट दिसते : ‘इन्’ आणि ‘इङ्’ यांतला फरक तिथल्या बोलण्यात पुष्कळ पुसट झालेला आहे. ‘थिन’ आणि ‘थिंग’, ‘सिन’ आणि ‘सिंग’ यांवर वेगळा सराव घ्या. गटात कुणी घरी कँटोनीज बोलणारे असेल, तर त्याच्या भाषेत ‘प्’, ‘त्’, ‘क्’ शेवटी येतात, पण दाबून; त्याची चूक वेगळ्या जातीची असेल.

शेवटांच्या सरावासाठी रोज पाच मिनिटे, दहा वाक्ये. वर्तमानकाळ असेल तर एक बोट, भूतकाळ असेल तर दोन. कर्ता ‘दे’ ठेवा, म्हणजे ‘स्’ची मदत मिळणार नाही. पुढचा शब्द मात्र जपून निवडा. ‘दे वॉक्ट टु स्कूल’ हे वाक्य या चाचणीत चालत नाही, कारण ‘वॉक्ट’चा ‘ट्’ पुढच्या ‘टु’मध्ये मिसळून जातो आणि इंग्रज माणसालाही तो वेगळा ऐकू येत नाही. ‘दे वॉक्ट अलाँग द रिव्हर’ घ्या. पुढे स्वर आला की शेवट उघडा पडतो. मिसळणारी वाक्ये नंतर, मुद्दाम सांगून घ्या : इथे कानावर विसंबू नका, ‘यस्टर्डे’सारखा शब्द शोधा.

‘तो’ आणि ‘ती’ची गल्लतही तपासा. मँडरिनमध्ये दोन्हींचा उच्चार एकच, ‘था’. लिहिताना चिन्ह वेगळे. तीन माणसांच्या संवादात कोण कुणाबद्दल बोलते आहे हे या मुलांना ‘ही’ आणि ‘शी’वरून लगेच कळत नाही. मराठी मुलाला ही अडचण येत नाही, म्हणून मराठी शिक्षकाच्या ती ध्यानातही येत नाही. संवाद ऐकताना कागदावर प्रत्येक माणसासाठी एक रकाना पाडायला लावा आणि ज्याची गोष्ट त्याच्या रकान्यात एकेका शब्दात लिहायला सांगा.

आता चिनी न येता तपासायचे कसे? समजले की नाही हे भाषांतराशिवायही दाखवता येते. रस्ता सांगणारा उतारा असेल तर नकाशावर रेघ ओढायला लावा. वेळापत्रक असेल तर तक्ता भरायला. गोष्ट असेल तर पाच चित्रे क्रमाने लावायला. याहून चांगला उपाय जोडीचा आहे. दोघांपैकी एकानेच उतारा ऐकायचा, दुसऱ्याला तो चिनीत सांगायचा आणि तक्ता दुसऱ्याने भरायचा. तक्ता चुकला तर मुलेच आपसांत वाद घालून चूक कुठे झाली ते शोधतात, आणि तुम्हाला चिनीतला एक शब्दही कळायची गरज पडत नाही.

तैवानमध्ये हायस्कूलच्या मुलांसाठी ऐकण्याची स्वतंत्र परीक्षा असते. ती वर्षातून दोनदा, ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये होते. ६० मिनिटांत ४० प्रश्न. चित्र ओळखणे, योग्य प्रतिसाद निवडणे, छोटे संवाद आणि छोटे परिच्छेद असे चार भाग. निकाल गुणांत नसतो, ए, बी, सी आणि एफ अशा श्रेणी असतात. तुमच्या मुलांची परीक्षा हीच आहे का ते विचारून घ्या, कारण चीनमधली परीक्षा वेगळी आहे आणि आंतरजालावर दोन्हींचे संच एकत्र पडलेले असतात. वेळ ठरवताना त्यांचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे हे धरा. आपल्या सायंकाळी साडेसातला तिथे रात्रीचे दहा वाजलेले असतात. दिवसभर शाळा आणि वर शिकवणी करून आलेल्या मुलाचा कान त्या वेळी काम करत नाही. आपल्याकडचे पाच-साडेपाच बरे.

प्रश्न : चीनच्या प्रवेशपरीक्षेच्या इंग्रजी ऐकण्याच्या ध्वनिफिती मिळतात. माझ्या दहावीच्या मराठी माध्यमाच्या वर्गाला त्या वापरू का? आमच्या लेखी पेपरात ऐकण्याचा भाग नाही, त्यामुळे वर्गात साहित्यच नसते.
— एक शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : वापरा, पण सगळी प्रश्नपत्रिका एकदम लावू नका. चीनची ही परीक्षा, ‘गाओखाओ’, जूनच्या ७ तारखेला सुरू होते. बऱ्याच प्रांतांत चालणाऱ्या राष्ट्रीय पेपरात इंग्रजीचे १५० गुण आणि दोन तास असतात. त्यातला ऐकण्याचा भाग ३० गुणांचा, २० प्रश्नांचा, सुमारे २० मिनिटांचा. (बीजिंगमध्ये ऐकणे-बोलणे संगणकावर वेगळे घेतात आणि त्याला ५० गुण असतात.) पहिले पाच संवाद छोटे, प्रत्येकी एक प्रश्न आणि एकदाच ऐकवतात, उत्तर लिहून पुढचा प्रश्न वाचायला १० सेकंद. नंतरचे पाच उतारे लांब, दोनदा ऐकवतात. आधी प्रश्न वाचायला प्रत्येकी ५ सेकंद आणि नंतर उत्तराला ५ सेकंद. पर्याय तीनच.

दहावीच्या वर्गाला पहिले पाच छोटे संवाद योग्य आहेत. शेवटचे एकट्याचे निवेदन पी.यू.च्या दुसऱ्या वर्षासाठी, म्हणजे बारावीसाठी, ठेवा.

एका तासिकेला तीन संवाद पुरे, आणि पहिल्यांदा पर्याय झाकून ठेवा. या पेपरांत चुकीच्या पर्यायातला शब्द संवादात हटकून उच्चारलेला असतो. समजा, मुलगा विचारतो, दहाच्या बसने जायचे का? मुलगी म्हणते, पाऊस आहे, बाबांना सोडायला सांगू. प्रश्न : ती कशाने जाणार? पर्याय : बस, गाडी, पायी. ‘बस’ हा शब्द ऐकू आला, ‘कार’ हा शब्द आलाच नाही. पर्याय समोर असतील तर मुलगा ऐकलेला शब्द शोधतो आणि बसवर खूण करतो. पर्याय झाकले की त्याला अर्थ लावावाच लागतो. दुसरा नेहमीचा सापळा वेळेचा : खेळ सव्वासातला आहे, अजून वीस मिनिटे आहेत, तर आता किती वाजले? उत्तर सहा पंचावन्न, आणि ते संवादात कुणीच बोलत नाही.

तिसरा सापळा आपल्या मुलांनाही चिनी मुलांइतकाच बाधतो. ‘तू येणार नाहीस?’ यावर मराठीत आपण ‘हो, नाही येणार’ म्हणतो, चिनीतही तसेच. इंग्रजीत तिथे ‘नो’ येतो. नकारार्थी प्रश्नानंतर ‘यस’ ऐकून मुले उलटा अर्थ घेतात. अशा प्रश्नोत्तरांच्या वीस जोड्या तोंडी करून घ्या.

खोलीबद्दल एक सूचना. जांबोटी-कणकुंबी भागातल्या पावसात पत्र्याच्या छपराखाली फोनचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही जात नाही. ब्लूटूथ स्पीकर टेबलावर किंवा कोपऱ्यात नको. वर्गाच्या मध्यावर, बसलेल्या मुलाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. कोपऱ्यात ठेवला की आवाज मोठा होतो पण भिंतींवरून घुमतो आणि शब्दांचे शेवट, जे ऐकायचे तेच, पुसले जातात. पाऊस जोराचा असेल त्या दिवशी मजकूर तुम्ही स्वतः वाचा. तुमचा उच्चार अमेरिकन नाही याची चिंता करू नका. फक्त दोन गोष्टी सांभाळा. ‘आस्केड’ असे वाचू नका, ‘आस्क्ट’ वाचा. शिक्षकाच्या तोंडून ‘आस्केड’ ऐकलेला मुलगा ध्वनिफितीत ते जादा अक्षर येण्याची वाट पाहतो. आणि ‘आय कॅन गो’ मधला ‘कॅन’ ठासून म्हणू नका. सहज बोलण्यात तो ‘क्न’ इतकाच उरतो. ठासून ‘कॅन’ ऐकू आला तर बहुतेक वेळा तो ‘कान्ट’ किंवा ‘कॅन्ट’ असतो आणि शेवटचा ‘ट्’ गिळलेला असतो. मुले हेच उलटे समजतात.

प्रश्न : मी निपाणीत मराठी माध्यमातून दहावी केली, आता पी.यू. सायन्सला आहे. पुस्तक वाचले तर कळते, पण वर्गात सर इंग्रजीत बोलत असताना मी मागे पडते. एक शब्द अडला की पुढची पाच वाक्ये जातात.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तू स्वतःच निदान केले आहेस : वाचून कळते, म्हणजे तुझी भाषा पुरेशी आहे. शब्दाचा आवाज तुझ्या ओळखीचा नाही. ‘घनता’ आणि ‘संवेग’ तुला दहावीपासून माहीत आहेत. ‘डेन्सिटी’ आणि ‘मोमेंटम’ डोळ्यांनी पाहिले आहेत, कानांनी नाही. उद्या जो भाग शिकवणार त्यातले दहा शब्द आदल्या रात्री काढ. तुझ्या जुन्या मराठी पुस्तकातला शब्द, त्यापुढे इंग्रजी, आणि शब्दकोशाच्या ॲपमध्ये उच्चार तीनदा ऐकून मोठ्याने म्हण. शब्दात जोर कुठे आहे त्या अक्षराखाली रेघ मार. मराठीत जोर इकडचा तिकडे गेला तरी शब्द बदलत नाही, त्यामुळे आपण तिकडे लक्षच देत नाही. इंग्रजीत मात्र जोर नसलेली अक्षरे जवळजवळ नाहीशी होतात. ‘कम्फर्टेबल’ हा शब्द चार अक्षरांचा वाटतो, ऐकू ‘कम्फ्टबल’ असा येतो.

वर्गात शब्द अडला तर थांबू नकोस. वहीत एक मोकळी रेघ सोड, ऐकू आला तसा आवाज देवनागरीत लिही आणि पुढे चल. सरांच्या ‘देअरफोर’, ‘बट’, ‘सपोज’, ‘फॉर एक्झाम्पल’ या शब्दांवर कान ठेव. त्यांवरून पुढे निष्कर्ष येणार की उदाहरण, हे कळते. तासानंतर दहा मिनिटांच्या आत मोकळ्या रेघा भर, दुसऱ्या दिवशी ते जमत नाही.

तुला कन्नड येत असेल तर एक मोठी सोय तुझ्याकडे आहे. कन्नडमध्ये आखूड आणि लांब ‘ए’, ‘ओ’ अर्थ बदलतात : आखूड ओकाराचा ‘कोडु’ म्हणजे दे, लांब ओकाराचा म्हणजे शिंग. मराठी कान हा फरक सहसा करत नाही. ‘वेट’ म्हणजे ओला आणि ‘वेट’ म्हणजे थांब, ‘गेट’ म्हणजे मिळव आणि ‘गेट’ म्हणजे फाटक, हे शब्द कन्नडच्या कानाने ऐक. सीमाभागातल्या मुलांना ही देणगी आयती मिळालेली असते आणि शाळेत ती कुणी वापरून घेत नाही, याचे फार वाईट वाटते. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’चा फरक मात्र दोन्ही भाषा शिकवत नाहीत, तो ओठ पाहूनच शिकावा लागतो. ‘वाइन’ मध्ये ओठांचा चंबू होतो, ‘व्हाइन’ मध्ये वरचे दात खालच्या ओठाला लागतात.

प्रश्न : माझ्याकडच्या चिनी भाषक मुलांना ३०० शब्दांचा उतारा वाचायला बारा-पंधरा मिनिटे लागतात. शब्दन् शब्द भाषांतर करतात.
— पहिल्या प्रश्नातल्याच शिक्षिका

उत्तर : उतारा जड असेल तर बारा मिनिटे लागणारच. आधी १०० शब्द मोजून अनोळखी शब्दांवर खुणा करायला सांगा. दोनपर्यंत असतील तर मूल एकट्याने वाचू शकते. पाच असतील तर तुमची मदत हवी. त्याहून जास्त असतील तर तो उतारा वेगाच्या सरावाचा नाही. शब्दसंग्रहावर काम करणारे न्यूझीलंडचे अभ्यासक पॉल नेशन यांनी हेच प्रमाण सांगितले आहे : आधाराशिवाय वाचायचे तर १०० पैकी ९८ शब्द ओळखीचे हवेत. तैवानच्या परीक्षा केंद्राची शब्दसूची सहा पातळ्यांत लावलेली आहे. मुलांना आपली पातळी ठाऊक असते. वेगासाठी एक पातळी खालचा मजकूर द्या.

शब्द ओळखीचे असूनही वेग नसेल, तर वाक्यरचना पाहा. चिनीत नामाबद्दलची सगळी माहिती नामाच्या आधी येते, ती कितीही लांब असो. मराठीतही ‘काल जत्रेत ताईने घेतलेले पुस्तक’ असेच येते. इंग्रजी आधी ‘द बुक’ म्हणते आणि माहिती मागून लावते : ‘द बुक माय सिस्टर बॉट ॲट द फेअर वॉज मिसिंग.’ चिनी मूल ‘बुक माय सिस्टर’पाशी अडते, मागे जाते, पुन्हा सुरू करते. अशा दहा वाक्यांत मुख्य क्रियापदाला गोल करायला लावा आणि नामामागून आलेल्या माहितीभोवती कंस. नंतर कंस सोडून वाक्य वाचायचे : ‘द बुक वॉज मिसिंग.’ दोन आठवडे रोज दहा वाक्ये केली की कंस पेनाविना, नजरेनेच पडू लागतात.

त्यानंतर वेळ लावा. गाओखाओत वाचनाचे चार उतारे आणि एक रिकाम्या जागांचा उतारा असतो, आणि मुले त्याला साधारण ३५ मिनिटे देतात. म्हणजे एकेका उताऱ्याला सात. तो रिकाम्या जागांचा प्रकार फार चांगला आहे. उताऱ्यातली पाच वाक्ये काढून खाली सात वाक्ये देतात, दोन फसवी असतात. शब्दार्थ येऊन भागत नाही. आधीचे आणि नंतरचे वाक्य जुळवावे लागते. आपल्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकातला धडा घेऊनही हा तयार करता येतो. जिथे ‘धिस’, ‘हाउएव्हर’, ‘सच’ असे मागचा धागा धरणारे शब्द आहेत तीच वाक्ये काढा. फसव्या वाक्यांत उताऱ्यातला एक तरी महत्त्वाचा शब्द घाला, नाहीतर मुले विषय पाहूनच ती बाजूला टाकतील.

प्रश्न : इंग्रजी सिनेमे उपशीर्षके लावून पाहिले तर मुलाचे ऐकणे सुधारेल का?
— एक पालक, हुक्केरी

उत्तर : मराठी किंवा हिंदी उपशीर्षके असतील तर मुलगा वाचेल, ऐकणार नाही. इंग्रजी उपशीर्षके ठेवा. दोन मिनिटांचा प्रसंग निवडा : आधी बिनअक्षरांचा, मग अक्षरांसह, मग पुन्हा बिनअक्षरांचा. आख्खा सिनेमा करमणुकीसाठी जरूर पाहा, तो सराव धरू नका. सुरुवातीला ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चे संथ इंग्रजीतले जुने कार्यक्रम जास्त उपयोगी. १९५९मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेत सुमारे १,५०० शब्दांची मर्यादा पाळली जाई आणि बोलण्याचा वेग नेहमीपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी असे. मात्र दोन-तीन महिन्यांनी तिथून बाहेर पडा. संथ निवेदनात शब्द एकमेकांत मिसळत नाहीत, आणि खरे बोलणे ऐकताना अडचण नेमकी मिसळलेल्या शब्दांचीच असते.

प्रश्न : आकडे ऐकले की मी गडबडतो. ‘टू पॉइंट फाइव्ह मिलियन’ लिहिताना शून्ये चुकतात.
— एक विद्यार्थी, चिकोडी

उत्तर : आपण लाख-कोटीत मोजतो, इंग्रजी तीन-तीन शून्यांनी पुढे जाते. चिनी मुलांचीही हीच गत आहे. त्यांचा गट चार शून्यांचा, ‘वान’ म्हणजे दहा हजार. तीन ओळी पाठ कर : १०० थाउजंड म्हणजे १ लाख; १ मिलियन म्हणजे १० लाख; १ बिलियन म्हणजे १०० कोटी. ऐकताना मराठीत उलथापालथ करू नकोस. इंग्रजी आकडा ऐकू येईल तसा लिही, ‘मिलियन’ ऐकताच स्वल्पविराम दे आणि पुढे सहा घरे सोड : २,५००,०००. लाखांत रूपांतर नंतर, ऐकणे संपल्यावर. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’त शेवटच्या ‘न्’वर विसंबू नकोस, ‘फिफ्टी’त जोर पहिल्या अक्षरावर असतो आणि शेवट आखूड, ‘फिफ्टीन’मध्ये शेवटचे अक्षर लांब. मित्राला अशा वीस जोड्या उलटसुलट वाचायला सांग आणि फक्त आकडे लिही. वीसपैकी अठरा बरोबर येऊ लागले की मग वाक्यांत घे.